सहाच्या बातम्यांआधीचा निरोप

बुधवार, २ जून १९५४

ही वही आठ महिन्यांनी उघडतेय. शेवटचं पान कारखान्यातल्या नव्या मुकादमाला शिव्या घालण्यात गेलंय. त्याची मागेच बदली झाली, म्हणजे शिव्या लागू पडल्या म्हणायच्या.

आज डॉक्टर रेनी आईला तपासून जिना उतरताना मधल्या पायरीवर थांबले. माणूस स्कॉटलंडचा, शब्द मोजून वापरतो. म्हणाले, "मिस नटॉल, पंधरा दिवस. फार तर तीन आठवडे. हृदय थकलंय. आता औषध नुसतं नावाला."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणतात अशा वेळी, मला माहीत नाही.

दारात हॅट घालताना त्यांनी विचारलं, "त्या सारखं विल्फ, विल्फ करतात. कोण हा?"

"माझा धाकटा भाऊ."

"मग बोलवा की त्याला."

"कुठे आहे ते ठाऊक नाही. अकरा वर्षं झाली."

"रेडिओवरून बोलवा. माणूस अत्यवस्थ असेल आणि नातेवाइकाचा पत्ता दुसऱ्या कुठल्याच मार्गानं लागत नसेल, तर सहाच्या बातम्यांआधी निरोप वाचतात. अख्खा देश त्या वेळी रेडिओला कान लावून असतो. दाखला मी देतो. उशीर करू नका."

बघते, म्हटलं. मग आईचा चहा न्यायचा होता.

विल्फनं १९४० साली लढायला नकार दिला. कोर्टात उभा राहून म्हणाला, मी बंदूक धरणार नाही. त्याला वेल्समध्ये झाडं तोडायला पाठवलं. गल्लीतल्या पोरांनी आमच्या दाराला भित्र्यांचा म्हणून पिवळा रंग फासला, तो मीच ब्लेडनं खरवडला, दोन रविवार लागले. त्या दिवसापासून वडिलांनी घरात त्याचं नाव काढू दिलं नाही. वडील जाऊन सहा वर्षं झाली. आता नाव काढायला कुणाची आडकाठी नाही, पण जीभ वळत नाही. आईची मात्र या महिन्यात वळली.

शुक्रवार, ४ जून

विल्फला पत्र टाकलं. त्याचं एक ख्रिसमसचं कार्ड आलं होतं १९४७ साली, व्हाइटहेव्हनहून, त्यावर पत्ता होता. ते मी माझ्या खणात ठेवलं होतं. आईला दाखवलं नाही, कारण तेव्हा वडील होते. वडील गेल्यावर दाखवलं नाही, कारण मग इतके दिवस का लपवलं हे सांगावं लागलं असतं. अशा गोष्टी एकदा राहिल्या की राहतात.

डॉक्टरच म्हणाले, दुसऱ्या कुठल्याच मार्गानं पत्ता लागत नसेल तर. म्हणजे आधी दुसरा मार्ग करून बघायलाच हवा. तेव्हा आधी पत्र. नियम म्हणजे नियम.

मंगळवार, ८ जून

पत्राचं उत्तर नाही. चार दिवस म्हणजे काही फार नाहीत.

आईचा सगळा दिवस रेडिओवर चालतो. तो जड ठोकळा मी ईस्टरला वर चढवला, तेव्हापासून माझी कंबर धरलीय. सातच्या बातम्यांना ती जागी होते. सव्वादहाची प्रार्थना. साडेदहाला कामगारांसाठीचं बँड संगीत लागतं, ते कारखान्यात आमच्याही डोक्यावर वाजत असतं, त्यामुळे मला बसल्याजागी कळतं की आता आई चादरीखाली बोटं हलवत असेल. दुपारी शाळांसाठीचे पाठ. आई वयाच्या बाराव्या वर्षी गिरणीत लागली, अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस माग. राहिलेली शाळा आता पुरी करतेय. काल मला नॉर्वेच्या राजधानीचं नाव विचारलं आणि मला आलं नाही तर काय खूश झाली!

सकाळी शेजारच्या मिसेस हॉयल तिच्यापाशी बसतात. या बाई १९४६ साली आमच्या गल्लीत आल्या आणि वर्षभरात गल्ली त्यांची झाली. मूल जन्मलं की त्या, माणूस गेलं की त्या. मयताला अंघोळ घालून, केस विंचरून असं नीटनेटकं निजवतात, की गेलेला माणूस जिवंतपणी कधी इतका चांगला दिसला नसेल. त्या घरात शिरल्या की आई म्हणते, "एवढ्यात आलीस गं?" आणि दोघी पोट धरून हसतात. मला नाही हसू येत.

आज उशी नीट करताना आई म्हणाली, "हर्बर्ट गेला तेव्हासुद्धा विल्फ आला नाही. सख्खा भाऊ गेला गं. इतकं कसं दगडाचं काळीज माझ्या पोराचं?"

मी म्हटलं, "पाणी हवंय का?"

गुरुवार, १० जून

कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते.

१९४३च्या नोव्हेंबरात थोरल्या हर्बर्टची तार आली. जहाजासकट बुडाला. आमच्याकडे माणूस गेलं की त्या घराच्या रस्त्याकडच्या खिडक्यांचे पडदे ओढून घेतात. तो पडदा दिसला की शेजारचं घर ओढतं, मग पलीकडचं, तासाभरात अख्खी ओळ डोळे मिटते. मयत निघून जाईपर्यंत भर दिवसासुद्धा पडदे उघडायचे नाहीत. हर्बर्टची मयत निघणारच नव्हती, तेव्हा उघडायचे कधी हे कुणाला कळेना. वडिलांनी नऊ दिवस बंद ठेवले.

चौथ्या दिवशी विल्फ आला. वेल्सहून रात्रभर प्रवास करून, खांद्याला पिशवी, हाताला झाडांचा डिंक. दार मी उघडलं. वडील मागे परसात होते, आई औषध घेऊन झोपली होती.

म्हणाला, "आईला दोन मिनिटं भेटू दे."

मी म्हटलं, "हे पडदे हर्बर्टसाठी ओढलेत. ज्यांनी काही केलं त्यांच्यासाठी. तुझं इथे काम नाही. आईनंच सांगितलंय तुला आत घेऊ नको म्हणून."

आईनं काहीही सांगितलं नव्हतं. तिला तो आलेला आजही माहीत नाही. तो खिडकीकडे बघत राहिला, पडद्याकडे, आणि मग गेला. मला वाटलं दोन दिवसांनी परत येईल. हट्टी होता, येईल असंच वाटलं मला. मी दोन दिवस आगगाडीच्या वेळेला दाराशी काही ना काही काम काढत होते.

आता तो आला तर आईजवळ बसेल. मी सारखी तिथे थांबू शकणार नाही, स्वयंपाकाला खाली यावंच लागेल. दोघांचं बोलणं होईल. बाकी या सगळ्याचा रेडिओशी काही संबंध नाही. मी पत्राच्या उत्तराची वाट बघतेय.

शनिवार, १२ जून

पत्र परत आलं. पाकिटावर निळ्या पेन्सिलीनं लिहिलंय, या पत्त्यावर कुणी नाही.

डॉक्टरांचा दवाखाना शनिवारी दुपारी बंद. उद्या रविवार, त्यांच्या घरी जाणं बरं दिसत नाही. आईला आज दोनदा श्वास लागला, ओठ निळे झाले. मिसेस हॉयल म्हणाल्या, "हेस्टर, कुणाला बोलवायचं असेल तर आता बोलव हो."

सोमवारी जाते.

सोमवार, १४ जून

डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "मी समजत होतो तुम्ही त्याच आठवड्यात येणार."

"पत्र टाकलं होतं," मी म्हटलं. "आधी दुसरा मार्ग."

"बारा दिवस?"

त्यांनी स्वतःच लंडनला फोन लावला, आणि शेवटी माझ्या हातात दिला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, आवाज मऊ. नाव, वय, शेवटचा ठावठिकाणा, नातं असं सगळं विचारून तिनं निरोप वाचून दाखवला. म्हणाली, उद्या संध्याकाळी सहाच्या बातम्यांच्या आधी.

"आणि मिस नटॉल, एक विनंती. देव करो तसं न होवो, पण मधल्या काळात तुमच्या आईचं काही बरंवाईट झालं तर आम्हाला लगेच फोन करा, कितीही वाजोत. माणूस गेल्यावर आम्ही निरोप वाचत नाही. लोक हातातलं काम टाकून धावत सुटतात हो. त्यांनी धावत यायचं आणि..."

"कळलं मला," मी म्हटलं.

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं होतं रडेल. ती उठून बसली! कुणाच्या आधाराशिवाय. म्हणाली निळं स्वेटर काढ. आठवड्याचं रेशनचं मटण आणलंस का, त्याच्यासाठी वर बटाट्याचे काप लावून हॉटपॉट भाज, वरचे बटाटे करपव, त्याला करपलेले आवडतात. मग बोटं मोजत बसली, उद्या सहा, म्हणजे तो ऐकणार सहाला, गाडी सातची, अगदी लांबून आला तरी परवा सकाळी.

मी हे दोन तारखेला केलं असतं तर तो आत्ता खाली बसून बटाटे खात असता. लिहिलं एकदाचं.

मंगळवार, १५ जून

आज सुट्टी घेतली.

सातच्या बातम्यांना आई जागीच होती. "माझं नाव घेतील का गं?"

"घेतील."

"नुसतं मिसेस नटॉल, की मार्था पण म्हणतील?"

"मार्था पण म्हणतील."

"मग आज सगळ्या बेकप गावाला कळणार मी आजारी आहे ते," म्हणाली आणि इतकी सुखावली, जणू हिला कुणी मेडल देणार होतं.

केस धुवून दिले. सव्वादहाच्या प्रार्थनेला तिनं डोळे मिटले ते उघडले साडेदहाच्या बँडला. दोन चमचे सूप घेतलं. दुपारी शाळांचा पाठ लागला, इजिप्तमध्ये नदीला पूर येतो आणि शेतात गाळ बसतो त्याबद्दल. बाई फार छान समजावत होत्या.

"किती वाजले?"

"अडीच."

"साडेतीन तास राहिले," आई म्हणाली.

रेडिओतल्या बाई म्हणाल्या, आता मुलांनो, वह्या उघडा. आईनं एक लांब श्वास घेतला. मी पुढच्याची वाट बघितली. पोरं वह्या उघडत असतील तेवढा वेळ त्या बाई थांबल्या होत्या, त्यामुळे खोलीत काहीच आवाज नव्हता. तीनला वीस मिनिटं कमी होती.

मी रेडिओ बंद केला नाही. बंद केला तर सहाला परत गरम व्हायला वेळ लागेल, असं मनात आलं. काय काय मनात येतं माणसाच्या. माझी आई गेली होती आणि मी रेडिओच्या दिव्यांचा विचार करत होते.

मग कोट घातला, चर्चच्या कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथपाशी गेले. आत शिरले, दार लावलं. लंडनचा नंबर हातातल्या कागदावर होता. रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि तसाच धरून उभी राहिले. फोन केला की निरोप रद्द. निरोप रद्द झाला की विल्फला या जगात कोण सांगणार? वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चार ओळी, त्या व्हाइटहेव्हनला कोण वाचतंय. दोन आठवडे मी पाय ओढत काढले, आणि आता ही शेवटची दोरीही मीच कापायची? बाहेरून एका बाईनं काचेवर टकटक केलं. बाहेर येऊन म्हटलं, "लागतच नाही हो फोन."

घरी आले. पडदे उघडे ठेवले. रस्त्यावरून ऊन सरळ बिछान्यावर येत होतं. आईचे हात पांघरुणाखाली घातले.

चारला मिसेस हॉयल अंड्याचं कस्टर्ड घेऊन आल्या. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले.

"झोपलीय," म्हटलं.

"बरं. वर ठेवते हे."

"नको. आत्ताच डोळा लागलाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं मयतं हाताळलेली बाई, तिला काय सांगायचं? कस्टर्ड टेबलावर ठेवून त्या खुर्चीत बसल्या.

"हेस्टर, हनुवटी बांधलीस का?"

मी नाही अशी मान हलवली. रडू आलं नाही. त्यांनीच मला बसवलं.

"सहाला रेडिओवर निरोप आहे," मी म्हटलं. "आधी कळलं तर वाचत नाहीत."

"पण पोरी, तो येईल तेव्हा त्याला काय दिसणार?"

"आला तरी खूप झालं. निदान खांदा देईल. निदान तिला बघेल."

"हं." त्या बाह्या सरसावत उठल्या. "मी हात-पाय सरळ करून घेते तेवढ्यात. नंतर ऐकत नाहीत. पडद्यांना हात लावत नाही, काळजी करू नकोस. आणि चहा टाक, तुझं तोंड बघवत नाही."

पावणेसहाला आम्ही दोघी वर बिछान्याशेजारी बसलो, आई मधे. एक गृहस्थ हवामान सांगत होते. मग त्याच आवाजात, एक शब्दही वर-खाली न करता, ते म्हणाले: "अत्यावश्यक निरोप. विल्फ्रेड नटॉल, वय सदतीस, सात वर्षांपूर्वी व्हाइटहेव्हन येथे राहत असल्याचे समजते, यांनी कृपया बेकप, लँकेशायर, टॅनपिट रो, घर क्रमांक चौदा येथे यावे. तेथे त्यांच्या आई, मिसेस मार्था नटॉल, अत्यवस्थ आहेत."

मग सहाचे ठोके आणि बातम्या. एवढंच. वीस सेकंदही लागले नाहीत.

"मार्था म्हणाले हो," मिसेस हॉयल म्हणाल्या आणि त्यांनाच रडू फुटलं.

साडेसहाला मी पडदे ओढले. खिडकीतून बघते तर समोरच्यांनी ओढले, मग त्यांच्या शेजाऱ्यांनी. सात वाजेपर्यंत सगळी गल्ली बंद झाली, उन्हात. डॉक्टर आले. त्यांनी आईचा हात वाकवून बघितला आणि वेळ विचारली. मला खोटं बोलता आलं असतं, पण तो माणूस मूर्ख नाही. "तीनला वीस कमी," म्हटलं. त्यांनी लिहिलं, वही बंद केली. म्हणाले, "मी आज रेडिओ ऐकला नाही, मिस नटॉल."

बुधवार, १६ जून

हे व्हायचंच होतं.

सकाळी साडेदहाच्या सुमाराला पडद्याच्या फटीतून बघत होते. पहाटेपासून तिथेच आहे, विल्फचे ते लाल केस कोपऱ्यावर कधी दिसतात म्हणून. त्याचे केस असे, की धुक्यातसुद्धा कोपऱ्यावरून ओळखू यावा. तर कोपऱ्यावर एक माणूस उभा. राखी रेनकोट, हॅट, हातात चामडी बॅग, साहेबी थाटाचा, चाळिशी उलटलेला असावा. आमच्या घराकडे बघतोय. मग एकेक करत सगळ्या ओळीच्या पडद्यांकडे. एक सिगारेट होईपर्यंत तो तसाच उभा होता. पुढे येईना आणि जाईना.

रेडिओचा माणूस! कुणीतरी कळवलं. काल बूथच्या बाहेर उभी होती तीच बाई असणार. आता विचारणार, बाई, तुमची आई किती वाजता गेली? आणि आम्हाला फोन का केला नाहीत?

मागच्या दारानं मिसेस हॉयलना गाठलं. म्हटलं, "त्याला कटवा. घरात मयत आहे, कुणाला भेटत नाहीत म्हणून सांगा. आत येऊ देऊ नका."

त्या गेल्या. मी फटीतून बघत होते. त्यानं त्यांना बघून हॅट काढली. डोकं गुळगुळीत, चकचकीत. दोन-चार वाक्यं बोलणं झालं. त्यानं परत एकदा घराकडे बघितलं, हॅट घातली, आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"काय म्हणणार? कधी गेल्या म्हणून विचारलं. मी सांगितलं, काल दुपारी, तीनला वीस कमी. म्हटला, दुपारी? म्हटलं हो. परत म्हटला, दुपारी तीनच्या आधी? सहाला तर आजारी म्हणून सांगितलं. मी म्हटलं, मला त्यातलं काही ठाऊक नाही."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

"मग विचारतो, तुम्हाला त्या घरातल्या बाईनंच पाठवलं का? म्हटलं हो, तिनंच पाठवलं, आत कुणाला घेत नाहीत. मग म्हटला, बरं."

"नुसतं बरं?"

"नुसतं बरं. तसा वाईट नव्हता गं माणूस. बोलणं आपल्याकडचंच, पण परगावी राहून घासलेलं. चेहरा असा पांढराफटक पडला होता. मी म्हटलं चहा घ्या, तर मान हलवून गेला."

वेळेपाशीच अडकला बघा, दोनदा विचारली. चौकशीला आलेली माणसं अशीच विचारतात. आता लंडनहून पत्र येणार. येऊ दे. विल्फ आला की मी सगळं निस्तरेन. अगदी लांबून निघाला असेल तरी संध्याकाळच्या गाडीनं यायला हवा.

हॉटपॉट केलं. वरचे बटाटे करपवले.

शनिवार, १९ जून

आज आईला वडिलांशेजारी ठेवलं. तिघं शेजारी आणि कारखान्यातल्या चार बायका, खांद्याला माणसं चर्चनं दिली. मी मयत वीस मिनिटं थांबवून धरली, पाद्री घड्याळाकडे बघत होते, तरी. बाराची गाडी येऊन गेली. तिच्यातून फक्त पोस्टाची पोती उतरली.

नंतर घरी चहा आणि हॅम. हॅम नसलं तर आमच्याकडे मयत नीट झाली असं मानत नाहीत. मिसेस हॉयलनी कुठून मिळवलं विचारलं नाही. सगळे म्हणाले, हॅम चांगलं होतं. सगळे गेल्यावर पडदे उघडले, आणि गल्लीनं पण उघडले.

आईच्या कपाटातला वडिलांचा फोटो काढून पुसला. त्यात ते छत्तिशीचे आहेत आणि डोक्यावर एक केस नाही. आई म्हणायची, लग्नात याचं डोकं आगीसारखं लाल होतं, मी ते बघून हो म्हटलं आणि दहा वर्षांत फसले. मी तो फोटो बराच वेळ हातात धरून होते, मग परत कपाटात ठेवला, उलटा.

विल्फ आला नाही. पुढचं दार नुसतं लोटलेलं ठेवते हल्ली. एवढं सगळ्या देशाला ओरडून सांगितलं, आणि ज्याच्या कानावर जायला हवं त्याच्याच गेलं नाही. की गेलं आणि आला नाही? त्याला माझी आठवण असेल. पण आईनं त्याचं काय बिघडवलं होतं?

गुरुवार, १ जुलै

लंडनहून पाकीट आलं. चाकूनं फोडलं. आत फक्त एक छापील कार्ड. बरंवाईट झालं असल्यास सहानुभूती, आणि नोंदींसाठी एवढं कळवावं: निरोपामुळे संबंधित व्यक्ती आली का? हो, नाही, यांपैकी जे खरं असेल त्यावर फुली करा.

मी ते दोनदा, तीनदा वाचलं. वेळेबद्दल अक्षर नाही. चौकशीबद्दल नाही. माणूस पाठवला होता याचा उल्लेख नाही. यांना काहीच माहीत नाही.

म्हणजे यांनी कुणालाच पाठवलं नव्हतं.

कार्ड हातात घेऊन मी मिसेस हॉयलच्या दारात गेले. त्या पायरी घासत होत्या. मी उभी राहिले आणि त्यांनी मान वर केली.

"त्या दिवशीच्या त्या माणसाबद्दल विचारायचं होतं," मी म्हटलं.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "मी तुला कधीची सांगीन म्हणतेय, हेस्टर. मला त्या दिवसापासून झोप नाही. तो जाता जाता एक..."

"चुलीवर दूध आहे माझं," मी म्हटलं, "उतू जाईल," आणि घरी आले.

चुलीवर काही नव्हतं. मी टेबलाशी बसले. पेनात शाई भरली. 'नाही'वर फुली मारली, नीट, रेषा न हलू देता, आणि साडेचारच्या टपालात टाकून आले.